शेवटच्या पंगतीपर्यंत

“साखरेच्या डॉक्टरला पेढा देता होय?” बाहेती सर म्हणाले, पण घेतला. अर्धा मोडून तोंडात टाकला आणि उरलेला अर्धा हातरुमालावर ठेवला.

ते हसले तशी खोलीतली सगळीच माणसं सैल झाली. आवाड मॅडमनी खोका पुढं सरकवला. त्यांच्या क्षयरोग केंद्रातल्या दोन नर्स आणि बाहेती सरांच्या ओपीडीतले फार्मासिस्ट, सगळ्यांनी एकेक पेढा घेतला. मी भिंतीकडेच्या खुर्चीवर बसून नुसती बघत होते. आत कुठंतरी देवाचे आभार मानत होते म्हटलं तरी चालेल. कारण ही एवढी माणसं एका टेबलाभोवती बसावीत म्हणून मी जवळजवळ वर्षभर त्या गावच्या खेपा घातल्या होत्या.

मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव. तिथलं एका ट्रस्टचं रुग्णालय. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं वाईट नव्हती. उलट अशी राबणारी माणसं मी फार थोड्या ठिकाणी बघितली. पुढच्या मोठ्या इमारतीत डॉक्टर बाहेती ब्लडप्रेशर, साखर, हृदयाचे पेशंट बघायचे. सकाळी बसले की चहालाही उठायचे नाहीत. क्षयरोगाचं केंद्र मागच्या बाजूला, रस्ता ओलांडून, कापसाच्या एका जुन्या जिनिंगच्या गोदामात होतं. तिथं डॉक्टर कांचन आवाड. वयानं लहान, पण पेशंट औषध घ्यायला आला नाही तर स्कूटर काढून त्याच्या शेतात जाऊन उभी राहणारी बाई. या दोन इमारतींच्या मध्ये फक्त एक डांबरी रस्ता होता, पण बोलणं म्हणाल तर नाही. आवाड मॅडम येण्याच्या आधी कधीतरी एक्स-रे मशीन कुठल्या इमारतीत बसवायचं यावरून वाद झाला होता. वाद घालणारे बदलून गेले, काही निवृत्त झाले, पण अबोला तसाच राहून गेला. पेशंट मात्र दोन्हीकडं तोच असायचा. त्याला इकडचा वेगळा केसपेपर, तिकडचा वेगळा, इकडची तारीख सोमवारची, तिकडची गुरुवारची.

मी लातूरच्या एका रुग्णालयात पुष्कळ वर्षं हेड सिस्टर होते. नोकरी सोडून एका संस्थेत लागले. ती संस्था माझ्यासारख्यांना अशा रुग्णालयांत पाठवायची. आमच्या हुद्द्याचं नाव होतं ‘कोच’. विस्कटलेले विभाग एकमेकांशी बोलायला लागावेत, एका माणसाचं दुखणं सगळ्यांनी मिळून एकत्र बघावं, यासाठी त्यांच्या मागं लागायचं, हे आमचं काम. पुण्याच्या प्रशिक्षणात आम्हाला एक गोष्ट पक्की घोटवली होती. उत्तर आपण द्यायचं नाही, औषधाच्या चिठ्ठीत नाक खुपसायचं नाही, हुकूम तर मुळीच सोडायचा नाही. फक्त विचारायचं. ज्याला उत्तर स्वतःला सापडतं, तो ते टिकवतो. वॉर्डात जन्मभर हुकूम सोडलेल्या बाईला हे जड गेलं, पण जमवलं.

त्या दिवशी टेबलावर चर्चेला पेशंट होता झुंबर साळवे. नवजीवन ब्रास बँडमध्ये तो क्लॅरिनेट वाजवायचा. लग्नसराई सुरू व्हायच्या तोंडावर खोकल्यातून रक्त आलं. केंद्रात तपासलं तर क्षय निघाला आणि त्याच आठवड्यात पुढच्या इमारतीत तपासलं तर साखरही निघाली. मी त्याला केंद्राच्या बाकावर बऱ्याचदा बघितला होता. वाट बघत बसला की त्याची बोटं स्वतःच्या गुडघ्यावर चालायची. एकदा मी विचारलं, “झुंबरभाऊ, काय वाजवताय?”

लाजला. म्हणाला, “नवरदेव मारुतीला जातो ना, तवाचं. इसरू नये म्हणून.”

औषधाला इतका पक्का माणूस केंद्रानं पाहिला नव्हता. एक डोस चुकवला नाही. आवाड मॅडम सगळ्या पेशंटना त्याचं उदाहरण द्यायच्या. सहा महिन्यांनी थुंकी साफ, छातीचा फोटो साफ. केंद्रानं त्याच्या गळ्यात हार घालून त्याला निरोप दिला होता. आज पेढे त्याच आनंदाचे, आणि दोन इमारती पहिल्यांदाच एकत्र बसल्या म्हणूनही.

आवाड मॅडमनी त्याची सगळी हकीकत सांगितली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाहेती सर घड्याळाकडं बघत उठायच्या बेतात होते. मी माझ्या कामाला जागून एवढंच विचारलं, “क्षयाच्या गोळ्या बंद झाल्या. आता झुंबरभाऊंच्या बाकीच्या औषधात काय बदलेल?”

बाहेती सर उठता उठता थांबले.

“बंद झाल्या? कधी?”

“झाले की पंधरा-वीस दिवस,” आवाड मॅडम म्हणाल्या.

“मला कुणी सांगितलं नाही.”

“निरोप पाठवला होता, सर. आमच्या मावशींबरोबर.”

“मला नाही मिळाला.” ते परत खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा असा उतरलेला मी पहिल्यांदाच बघत होते. “मॅडम, तुमची ती लाल गोळी असते ना, तिनं लिव्हर दुपटीनं कामाला लागतं. माझी साखरेची गोळी पोटात गेली की लागू पडायच्या आत फस्त. म्हणून त्याची साखर उतरत नव्हती. म्हणून मी डोस वाढवत गेलो. खूप वाढवलाय.”

“आणि आता लाल गोळी नाही,” आवाड मॅडम हळू आवाजात म्हणाल्या.

“नाही. म्हणजे माझी गोळी आता पुरी लागू पडतेय. त्याची पुढची तारीख पुढच्या आठवड्यातली आहे. मी तेव्हा विचारणारच होतो.” ते एकदम उभे राहिले. “आज बोलवा त्याला. आत्ता. आजपासून गोळी निम्म्याहून खाली आणायची. साखर पार खाली गेली तर माणूस बेशुद्ध पडतो.”

खरं सांगते, त्या क्षणी मला आनंद झाला. एका प्रश्नानं भिंत पडली होती. दोन डॉक्टर एका माणसासाठी एकत्र घाबरले होते. यासाठीच तर मला पाठवलं होतं!

आवाड मॅडमनी फोन लावला. झुंबरचा फोन त्याच्या बायकोनं, गयाबाईनं, उचलला.

“हे गेले की सकाळीच, मॅडम. बँडसंगं. नदीपल्याड लगीन हाय, पिंपळदऱ्याला. सहा महिन्यांनी पयलीच सुपारी. फोन इसरून गेले बघा गडबडीत.”

“गोळ्या? साखरेच्या गोळ्या घेतल्या का त्यांनी?”

“घेतल्या तर! खिशात घालून गेलेत. जेवायच्या आधी अर्धा तास, तुमीच सांगितलंय न्हवं? लई पक्के हायेत ते.”

आवाड मॅडमनी माझ्याकडं बघितलं. लग्नाचं जेवण किती वाजता, हे तिथल्या कुणालाच ठाऊक नव्हतं, पण उशिरा, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

रुग्णालयाची गाडी बाळंतपणाच्या पेशंटला घेऊन जिल्ह्याला गेलेली. माझी संस्थेची भाड्याची जीप बाहेर उभी होती. मी काही म्हणायच्या आधीच आवाड मॅडमनी कपाटातून ग्लुकोजची इंजेक्शनं, सलाईन, सुया एका पिशवीत भरल्या. बाहेती सर दारापर्यंत आले. बाहेर त्यांच्या ओपीडीत माणसं ओळीनं बसली होती. “मी यायला हवं होतं,” ते म्हणाले, आणि पुन्हा खोलीत वळले. त्यांना येणं शक्यच नव्हतं.

गयाबाईचं गाव वाटेवरच होतं. फोनवर सांगितल्याप्रमाणे फाट्यावर ती उभीच होती. अंगावर धुतलेलं लुगडं, हातात नवऱ्याचा फोन. जीपमध्ये चढता चढता तिनं विचारलं, “काय झालंय, ताई?”

“अजून काही झालं नाही,” मी म्हणाले. “गोळ्या कमी करायच्या आहेत. आज सांगितलेलं बरं.”

“मग एवढी गाडी कशाला?”

आवाड मॅडमनी तिला समजावून सांगितलं. सोपं करून, धीर देत. ती ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, “पर बरा झाला म्हणून हार घातला की तुमी.”

मी तिच्या हातातला फोन मागून घेतला.

बँडच्या मालकाचा, युसूफ मास्तरांचा नंबर त्या फोनमध्ये होता, गयाबाईला तो शोधता येत नव्हता. मी लावत राहिले. घंटी वाजून वाजून बंद व्हायची. रस्त्याचं काम चाललेलं, एका बाजूनं गाड्या सोडत होते. खडीचे ट्रक पुढं. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, पण जाणार कुठून? ऊन तापलेलं होतं. गयाबाई पदरानं वारा घेत खिडकीतून पुढं बघत होती, जणू तिथून पिंपळदरा दिसणार होता.

ट्रक हलायला लागले तेवढ्यात फोन उचलला गेला. पलीकडं ढोल-ताशांचा नुसता कल्लोळ.

“युसूफ मास्तर? मी दवाखान्यातून बोलतेय. झुंबर साळवे तुमच्याबरोबर आहेत ना?”

“झुंबर? हाय की! आयका, आयका!” आणि त्यांनी फोन वर धरला असावा. त्या कल्लोळातून क्लॅरिनेटचा सूर वर आला. मी झुंबरचं वाजवणं कधी ऐकलं नव्हतं. काय सांगू? सगळ्या गोंगाटावर एक धारदार, गोड सूर तरंगत होता. मी फोन गयाबाईच्या कानाला लावला. तिचा चेहरा उजळला. “त्येच हायेत,” ती म्हणाली, “त्येच.”

मी फोन परत घेतला. “मास्तर, नीट ऐका. झुंबरभाऊंना आत्ता काहीतरी खायला घाला. ताबडतोब.”

“मॅडम, वाजंत्री शेवटच्या पंगतीला जेवतात. आजून तर नवरदेव पारावरून हलला न्हाई.”

“ते मला माहीत आहे. त्यांनी गोळी घेतलीय का?”

“घेतली की. मघाच घेतली. जेवण हाय म्हणत होते, म्हणून घेतली. मग वऱ्हाडाचा टेंपो आला उशिरा, वरात पुन्ना सुरू झाली.”

“मास्तर, त्यांना काहीतरी गोड द्या. चहा द्या साखरेचा. बुंदी द्या. काहीही, पण गोड.”

“गोड?” ढोलाच्या आवाजात ते ओरडून बोलत होते. “मॅडम, त्याला तर साखर हाय ना? गोडाला हात लावू देऊ नका म्हून त्याच्या बायकोनंच सांगून ठेवलंय मला.”

“आत्ता द्या. मी सांगते म्हणून द्या.”

“तुमी डॉक्टर का?”

“नाही. डॉक्टर माझ्या शेजारी आहेत, थांबा.” मी फोन आवाड मॅडमच्या हातात दिला. त्यांनी “हॅलो” म्हटलं, पुन्हा म्हटलं, आणि फोन कानावरून खाली घेतला. फोन बंद पडला नव्हता. रेंज गेली होती. जीप टेकाडाच्या कुशीत शिरली होती आणि तिथून नदीपर्यंत कुणाच्याच फोनला रेंज नसायची, असं ड्रायव्हर म्हणाला.

“मास्तर शहाणे हायेत,” गयाबाई म्हणाली. “देतील काहीतरी.”

“देतील,” मी म्हणाले.

आवाड मॅडम मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसल्या होत्या. त्यांचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेत होत्या की डोस मोजत होत्या, मला कळलं नाही. मी काय करत होते? काही नाही. माणसाच्या अंगात जे घडत होतं ते मला डोळ्यांसमोर दिसत होतं, पायरी-पायरीनं. आधी हात थरथरतील, घाम फुटेल, मग बोलणं बरळल्यासारखं होईल, मग तोल जाईल. वॉर्डात असते तर दोन मिनिटांत ग्लुकोज चढवून वर त्याला रागावले असते, जेवण का चुकवलं म्हणून. इथं मी जीपच्या दांड्याला धरून बसले होते आणि पुढं म्हशी रस्ता ओलांडत होत्या.

नदी ओलांडल्यावर रेंज आली, पण मास्तर फोन उचलेनात. पिंपळदऱ्याला पोचलो तेव्हा सूर्य कलला होता. मांडवात पंगती बसल्या होत्या, वाढपी पळत होते. बँड थांबला होता. बँडवाले आपली वाद्यं घेऊन चिंचेखाली बसले होते, पण झुंबर त्यांच्यात नव्हता. युसूफ मास्तर आम्हाला बघून उठून आले. लाल कोट, सोनेरी बटणं, पिकलेली दाढी. चेहऱ्यावर लाज होती.

“भाभी, तुमी कशाला आल्या?” ते गयाबाईला म्हणाले. “काय सांगू तुमाला. आयुष्यात थेंब न घेतलेला माणूस. कुणी पाजली, अल्ला जाणे. वरातीत सूर चुकायला लागला. एकच ओळ परत परत, परत परत. पोरं नाचत होती, त्यांना मजा वाटली. मग पाय लटपटायला लागले, रस्त्यातच बसला. काहीबाही बडबडत होता. वऱ्हाडात बोभाटा नको म्हणून टेंपोत झोपवलाय. उतरंल आता.”

आवाड मॅडम तोवर टेंपोकडं धावल्या होत्या. मी त्यांच्या मागं. झुंबर टेंपोच्या पत्र्यावर, ढोलांच्या खोळींवर पडला होता. लाल कोट घामानं काळा पडलेला. दात घट्ट बसलेले, अंगाला झटके येत होते.

“दारू नाही ही,” मी ओरडले. “साखर आणा कुणीतरी!”

ड्रायव्हर मांडवाकडं पळाला. मी झुंबरचं डोकं मांडीवर घेतलं, पण बसलेल्या दातांतून तोंडात काही जाण्यासारखं नव्हतं. आवाड मॅडम शीर शोधत होत्या. घामानं हात निसटत होता. मी दंड आवळून धरला. तिसऱ्यांदा सुई लागली. ग्लुकोज आत जायला लागलं. एक इंजेक्शन, दुसरं, मग सलाईन. झटके थांबले. श्वास संथ झाला. नाडी लागली.

गयाबाई टेंपोच्या फळीला धरून उभी होती. “अहो,” ती म्हणाली, “अहो, ऐकू येतंय का? मी हाय.”

त्यानं डोळे उघडले. तिच्याकडं बघितलं, पण अनोळखी बाईकडं बघावं तसं. मग नजर तिच्यावरून निघून टेंपोच्या ताडपत्रीकडं गेली आणि तिथंच राहिली.

“थकलेत,” गयाबाई म्हणाली. “ओळखतील.”

आवाड मॅडमनी मान फिरवली. किती वेळ तो तसा पडून होता हे त्यांनी मास्तरांना विचारलं. मास्तरांनी सांगितलं. तो वेळ फार होता.

“तुमचा फोन कटला,” मास्तर मला म्हणाले. “ढोलाच्या आवाजात मला सगळं कळलं न्हाई. त्याला तर गोड चालत न्हाई, मग ही बाई गोड द्या कशी म्हणंल? मला वाटलं, माझ्याच ऐकण्यात चूक झाली, देऊ नका म्हणत असणार तुमी. नवरीची मावशी बुंदीचं ताट घेऊन आली होती टेंपोपाशी. मीच परत धाडलं. म्हणलं, त्याला साखर हाय, त्याला गोड दाखवू बी नका.”

ते टेंपोच्या चाकाशी खाली बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागले. मांडवात वाढपी बुंदीची बादली घेऊन ओरडत फिरत होते. मास्तरांना काय म्हणायचं? त्यांनी मित्राला जपलंच होतं. गयाबाईनं नवऱ्याला जपलं होतं. झुंबरनं औषध वेळेवर घेतलं होतं. मी योग्य प्रश्न विचारला होता, आणि दोन डॉक्टरांनी त्याचं योग्य उत्तर शोधलं होतं. एवढं सगळं करूनही तो माणूस आमच्या हातातून निसटून गेला होता.

झुंबर जगला. जिल्ह्याच्या रुग्णालयात काही दिवस राहिला. मेंदूला साखर न मिळाल्यानं जे गेलं होतं ते परत आलं नाही. उजवा हात कामातून गेला, बोलणं गेलं. पुढं अधूनमधून झटके यायला लागले. गयाबाईला तो ओळखतो की नाही, हे ती सोडून कुणी ठामपणे सांगू शकत नव्हतं. ती म्हणायची, ओळखतात.

बाहेती सर त्याला भेटायला जिल्ह्याला गेले. मी होते तेव्हा तिथं. पलंगाच्या एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला आवाड मॅडम. कुणी कुणावर काही ढकललं नाही. सर म्हणाले, “मॅडम, तुमचं केंद्र पुढच्या इमारतीत आणू या. माझ्या शेजारची खोली रिकामी करतो.”

आणि त्यांनी केली. महिन्याभरात रस्ता ओलांडायचं संपलं. क्षयाचा पेशंट आणि साखरेचा पेशंट एकाच दिवशी, एकाच बाकावर, एकाच केसपेपरवर. दर आठवड्याला दोघं एकत्र बसायचे आणि ज्यांना दोन्ही आजार आहेत त्यांची एकेकाची चर्चा करायचे. ती बैठक त्यांनी एकदाही चुकवली नाही. पुढं बाळंतपणाचा विभाग त्यात आला, मग मनाच्या आजाराचे डॉक्टर जिल्ह्याहून यायला लागले. तालुक्यातल्या लोकांचे हेलपाटे वाचले, जीव वाचले. आमच्या संस्थेत ते रुग्णालय सगळ्यांत पुढं गेलेलं ठरलं.

मला पुण्याला बोलावलं. नव्या कोचना अनुभव सांगायला. कुणीतरी विचारलं, “तुमच्या कोणत्या प्रश्नानं हे सगळं बदललं?” मी प्रश्न सांगितला. मग झुंबरचंही सांगितलं, सगळं, टेंपोपर्यंत. चहाच्या वेळी आमचे वरिष्ठ जवळ आले आणि हळुवारपणे म्हणाले, “वाईट झालं. पण त्यातून एवढी मोठी व्यवस्था उभी राहिली, हे विसरू नका.” ते खोटं नव्हतं.

वर्षभरानं माझं त्या तालुक्यातलं काम संपलं. निघायच्या दिवशी दुपारी मी गयाबाईकडं गेले. तिनं मला बघून दारातूनच हाक मारली, “या, ताई, या!” पाणी दिलं. घर झाडून-सारवून लख्ख. झुंबर खाटेवर उशीला टेकून बसलेला होता. दाढी केलेली, अंगात स्वच्छ बंडी. माझ्याकडं बघत होता. डोळ्यांत काही नव्हतं, पण डोळे शांत होते.

“बरं केलं आलात,” ती म्हणाली. “मला तुमाला सांगायचंच हुतं. आता कसली चिंता न्हाई बघा. व्यायाम शिकवणारा पोरगा येतो, हात-पाय हलवतो. नर्सबाई येतात, इथंच साखर बघतात. झटक्याच्या गोळ्या आवाड मॅडम धाडतात. बाहेती सर तर सोता फोन करत्यात. आन् ही समदी एकमेकाला इचारून येत्यात ओ! एकानं गोळी बदलली तर दुसऱ्याला ठावं असतं.” ती हसली. “आदी किती हिंडलो आमी, इकडून तिकडं, तिकडून इकडं. आता समदं घरी येतंय. आवाड मॅडम म्हणत हुत्या, ताईंमुळं झालं हे समदं.”

तिनं माझा हात हातात घेतला आणि कपाळाला लावला. तिला थांबवायचं होतं, पण काय सांगून थांबवू?

“बसा, च्या करते. जरा एवढी चादर बदलून घेते आधी,” ती म्हणाली. “ताई, धरता का ह्यांना? मला एकटीला उचलत न्हाई.”

मी खाटेशी गेले. त्याच्या काखेखालून हात घातले, एक गुडघा खाटेला लावला आणि त्याला पुढं ओढून माझ्या खांद्यावर घेतलं. तो सगळाच्या सगळा माझ्या अंगावर रेलला. गयाबाईनं मागून ओली चादर ओढून काढली आणि कोरडी झटकून पसरायला लागली. झुंबरचा श्वास माझ्या मानेवर येत होता. लांब, खोल, कुठंही न अडखळणारा. छाती अगदी साफ होती.

“धरलंय ना नीट?” गयाबाईनं चादरीचं टोक खोचत विचारलं.

“धरलंय,” मी म्हणाले. “तुम्ही सावकाश करा.”